ओव्हनच्या मागच्या कोपऱ्यात

निघायच्या दिवशी सकाळी मी चूल पोतारली. पांढरी माती कालवली, फडकं बुडवलं आणि चुलीच्या तोंडापासून मागच्या वैलापर्यंत, म्हणजे जोडचुलीपर्यंत, हात फिरवला. बाहेर गजूनं, माझ्या मुलानं, भाड्यानं आणलेली गाडी उभी होती. तिच्यात माझी पेटी, दोन गोधड्या आणि तुरीच्या डाळीचं पोतं चढलं होतं. माझी धाकटी जाऊ कौसल्या दारात उभी राहून पाहत होती.

"आता कोणासाठी पोतारून राह्यली बाई? तू तं चालली."

"मांगून कोणी पाहीन तं म्हणन, बुढी गेली अन् उकिरडा ठेवून गेली."

"कोण पाह्यते इथं? मीच पाहीन."

"तुझीच तं भीती आहे मले."

ती हसली आणि मग रडली. मी रडले नाही. हाताला माती लागली होती, ती वाळायच्या आत धुवायची होती.

हे मी कौसल्यासाठी लिहीत आहे, आणि ज्या बायका माझ्यासारख्या म्हातारपणी लेकाच्या घरी राहायला गेल्या त्यांच्यासाठी. मी चौथीपर्यंत शिकले आहे. शुद्धलेखनाचं सांगता येत नाही, पण खोटं काही लिहिलेलं नाही.

गजूचे बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वावर दिराला वाहायला दिलं. गुडघे दुखत होते. एकटीसाठी सकाळ-संध्याकाळ चूल पेटवायची, तर लाकडं जास्त आणि भाकरी कमी. म्हणून गेले. कोणी हाकललं नाही, कोणी ओढूनही नेलं नाही. आमचं गाव बोरी अरबच्या जवळ, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या एका अंगाला, आणि गजू राहतो ते पांढरकवडा दुसऱ्या अंगाला. गजू म्हणतो, "माय, जिल्हा तं तोच आहे. कायले परदेशात आल्यासारखी करते?" जिल्हा तोच आहे हे मलाही समजतं. पण गावात सकाळी उठल्यावर मला कोणाला विचारावं लागत नव्हतं की आता मी काय करू.

इथं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली फरशी, तिला सारवण लागत नाही. नळ घरात. भांडी घासायला उभं राहायचं, स्वयंपाक उभ्यानं करायचा, बसायचं फक्त जेवायला. थोड्या अंतरावर हैदराबादचा हायवे, ट्रकांचा आवाज दिवसभर चालू असतो. पहिले काही दिवस मला वाटायचं की बाहेर कोणी जातं ओढतं आहे. माझी सून सारिका चांगली आहे, हे आधीच सांगते, कारण पुढं तिच्याबद्दल थोडं वाईटही लिहिणार आहे. आल्या आल्या तिनं सांगितलं, "आई, तुमी आता फक्त बसा." ज्या बाईला हे कोणी सांगितलं नसेल तिला त्यातला त्रास कळणार नाही.

आमच्या घरात एक रीत होती. दिवसाची पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा तुकडा चुलीत टाकायचा, मग माणसांना वाढायचं. सासूबाई म्हणायच्या, "चुलीले घास देल्ल्याशिवाय कोणाच्या ताटात वाढू नोको. दिवसभर ते राबते, मंग तेच उपाशी कायले राहीन?" सासूबाई गेल्या तरी ते चालूच राहिलं. श्रद्धा वगैरे मला ठाऊक नाही. दात घासावे तसं ते. पांढरकवड्याला गॅस होता, तर मी तुकडा शेगडीत टाकू लागले. चार-पाच दिवसांत तिचा जाळ पिवळा यायला लागला. सारिकानं टाचणीनं भोकं मोकळी केली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, बर्नर जाम होते वो. गॅसले नका देत जाऊ."

बरं म्हटलं आणि गॅसला देणं बंद केलं.

मी आल्यानंतर सहा महिन्यांनी ओव्हन आला. त्याच्याआधी सारिका कापसाच्या दोन हंगामांत जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जात होती. रुईचे बारीक तंतू नाकातोंडात जायचे. घरी यायची तेव्हा केसांवर, भुवयांवर पांढरं, आणि नाक ओढणीनं दाबून धरलेलं. खोकला लागला तो हंगाम संपला तरी जाईना. मग ती बचत गटातून केक-बिस्किटं शिकली आणि गजूनं तिला ओव्हन घेऊन दिला. घरगुती असतो त्यापेक्षा मोठा, चार ट्रे एकावर एक बसतात. वाढदिवसाचे केक ती सांगितल्यावर करते. रोजचं काम म्हणजे नानखटाई, हायवेवरच्या एका चहाच्या हॉटेलात डबे जातात. ड्रायव्हर लोक चहाबरोबर खातात. त्या हॉटेलवर सगळं उभं होतं. ते सुटलं की पुन्हा जिनिंग.

सारिकाचा हात चवीला चांगला आहे, साफसफाईला नाही. ओव्हन थंड झाला की ओलं फडकं एकदा फिरवायची आणि झालं. पंधरा दिवसांत काच तपकिरी झाली. भिंतींवर तुपकट थर, जाळीच्या तारांवर काळे गोळे. मी बसून बसून ते पाहत होते. एक दिवस ती बाजारात गेली तेव्हा शेजारणीकडून पाण्याच्या बंबाची राख आणली, तारेची घासणी घेतली आणि ओव्हन घासायला बसले. जाळी चकचकीत झाली. काचेवर मात्र रेघा उमटल्या. त्या आजही आहेत.

सारिकानं येऊन पाहिलं. रेघांवरून बोट फिरवलं.

"आई, याले राख नसते चालत."

"मंग काय चालते?"

"सोडा."

"हे आधी सांगाचं होतं."

"तुमी घासान असं मले का मालूम?"

सोड्याचं मी तिच्याकडून शिकले आणि मग तिच्यापेक्षा बरं करू लागले. ज्यांच्या घरी ओव्हन असेल त्यांनी ध्यान द्या. सगळ्यात आधी विजेच्या बोर्डातली पिन काढायची. ओव्हन पूर्ण थंड होऊ द्यायचा. जाळ्या आणि ट्रे काढून गरम पाण्यात सोडा आणि भांड्याची पावडर टाकून भिजत घालायचे. खाण्याचा सोडा पाण्यात घट्टसर कालवायचा, पोतारायच्या मातीपेक्षा थोडा घट्ट, आणि आतल्या भिंतींना, दाराला, काचेला बोटांनी लावायचा. वर आणि खाली ज्या सळया तापतात त्यांना लावायचा नाही. संध्याकाळी लावून ठेवला की सकाळी थर सुटलेला असतो. मग ओल्या फडक्यानं पुसायचं, एकदा नाही, पाच-सहा वेळा, पांढरं येणं थांबेपर्यंत. कुठं चिकट राहिलंच तर त्यावर लिंबू. तार अजिबात नाही. हे आठवड्यातून एकदा. रोजचं वेगळं. ओव्हन कोमट असतानाच पुसून घ्यायचा, कारण तूप थिजलं की ते भिंतीचं होऊन जातं. तळाला चुरा पडायचा एक पातळ ट्रे असतो, तो रोज झटकायचा. रोजचं केलं तर आठवड्याच्या कामाला कष्ट पडत नाहीत.

गावात आपण भांडं चुलीवर ठेवायच्या आधी बुडाला ओली राख फासतो, म्हणजे काजळी भांड्याला न धरता राखेला धरते. सोड्याचं मला तसंच वाटलं. घाण बसायच्या आधी तिला दुसरं काही धरायला द्यायचं.

महिनाभरात ओव्हन माझा झाला. भाजायचा सारिकाचा, पुसायचा माझा. बायका केक न्यायला आल्या की मी दार उघडून त्यांना आत वाकून पाहायला लावायची. गावात घर नवं बांधलं तेव्हासुद्धा मी कोणाला एवढं दाखवलं नव्हतं. सारिका लाजायची. "आई, त्या केक न्याले आल्या हायत." मी म्हणायची, केक सगळेच करतात.

दिवाळीत कौसल्यानं घरच्या म्हशीचं तूप पाठवलं, बरणीभर. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी हॉटेलवाल्याचा फोन आला. सारिकानं मोबाइल ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला होता, हात पिठाचे होते.

"वहिनी, नानखटाईले जळकट वास येऊन राह्यला. ड्रायव्हर लोक अर्धी खाऊन बशीत ठेवतात."

"जळकट म्हणजे कसा, भाऊ?"

"जळक्या तुपासारखा."

"तूप तं मी टाकतच नाई. बटर टाकते."

"मंग तुमच्या बटरातच खोट आहे."

मी शेजारीच उभी होते. मलाही तेच वाटलं. विकतचं बटर, त्यात काय असेल कोणाला माहीत. सारिकानं बटर बदललं. मैदा दुसऱ्या दुकानातून आणला. ट्रेवरचा कागद बदलला. दोन डबे परत आले. ते आम्ही घरी खाल्ले, वास होता. गजू म्हणाला ओव्हनमध्येच बिघाड आहे आणि यवतमाळहून मेकॅनिक बोलावला.

मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं, सळया तपासल्या, सगळं ठीक निघालं. मग दारातून आत डोकं घालून विचारलं, "आत काही पडते काय?"

"काही नाई पडत," मी म्हटलं. "रोज पुसते मी."

त्यानं मागच्या कोपऱ्यात, खालच्या सळीच्या पलीकडे, बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. काळं होतं.

"हे काय मंग, मावशी? भुगा जळून राह्यला. साफ करत जा जरा."

मी त्याला बरंच बोलले. तुझ्या जन्माच्या आधीपासून चूल सांभाळते, तू मले पुसणं शिकवते काय, असं. तो हसला आणि चहा पिऊन गेला. सारिका मधे पडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोडा कालवायला उठले तर तिनं आधीच ओव्हन पुसून ठेवला होता. मी सोड्याचा डबा परत जागेवर ठेवला. पांढरकवड्याला आल्यापासून त्या दुपारी पहिल्यांदा मला वाटलं की परत जावं.

ती पुसत होती तरी वास जाईना. हॉटेलवाल्यानं सांगितलं, "एक डबा अजून पाहतो वहिनी. मंग मले दुसरीकडून घ्यावं लागन." त्या दिवशी जेवताना गजू म्हणाला, "बंद करून टाक हे लचांड. जिनिंग सुरू झाली आहे, बाया पाह्यजेतच तिथं." सारिकानं नुसतं ओढणीनं नाक दाबलं. तिथं काही रुई उडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोळ्या करत होती. पहिली पोळी तिनं टोपल्यात टाकली. मी रोजच्यासारखा तिचा तुकडा मोडला, तुपाच्या बरणीत बोट बुडवून त्याला लावला, ओव्हनचं दार उघडलं आणि हात आत मागच्या कोपऱ्याकडे नेला. आणि हात तिथंच राहिला. आत काही पडते काय, असं मेकॅनिकनं विचारलं होतं.

मी खोटं बोलले नव्हते. कोणी मला विचारलं असतं की सकाळपासून काय काय केलं, तर मी अंगण, चहा, आंघोळ सगळं सांगितलं असतं आणि हे सांगितलं नसतं. गॅसला देऊ नका म्हणाली, म्हणून गॅसला दिलं नाही. ओव्हनला तोंड होतं, आत अंधार होता, ऊब होती. हात आपोआप तिकडं गेला आणि ओव्हन आल्यापासून रोज जात होता. कोरडा तुकडा जळून राख व्हायचा, ती मीच दुसऱ्या दिवशी झटकायची. कौसल्याचं तूप आलं तसं मी त्याला तूप लावू लागले, आणि ते तूप चार ट्रे नानखटाईच्या खाली रोज जळत होतं.

आता खरं सांगते. पहिला विचार मनात आला तो हा की गप्प राहावं. उद्यापासून टाकायचं नाही, वास जाईल, कोणाला काही कळणार नाही. चहा थंड होईपर्यंत मी तो विचार केला. पण मग सगळ्यांना कायमचं हेच वाटलं असतं की म्हातारी नीट पुसत नव्हती, सारिकानं पुसायला घेतलं तेव्हा वास गेला. ते मला चालणार नव्हतं. माझ्या हातून चूक झाली होती, पण माझा ओव्हन घाण नव्हता.

"सारिका," मी म्हटलं, "तो वास माह्या हातचा आहे."

"म्हणजे?"

मी तुकडा दाखवला. "हे. रोज टाकत होती मांगच्या कोपऱ्यात. दिवाळीपासून तूप लावून."

तिचं लाटणं थांबलं. "रोज?"

"ओव्हन आला तवापासून."

"म्या बटर बदललं. मैदा बदलला. त्या हॉटेलवाल्याच्या पाया पडाचीच राह्यली होती मी."

"हाव."

"अन् तुमी त्या मेकॅनिकवर किती तापल्या, आई."

"ते बरोबरच होतं. पुसत तं मी होतीच."

गजू टॉवेल घेऊन बाहेर आला. काय झालं म्हणून विचारू लागला. सारिका त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "काही नाई. तुमची माय ओव्हनले जेवू घालून राह्यली होती." गजू हसला. सारिका हसली नाही. तव्यावरची पोळी करपली, तिनं ती काढून बाजूला टाकली आणि दुसरी लाटायला घेतली.

त्या दिवशीचा डबा गेला. दोन दिवसांनी हॉटेलवाल्याचा फोन आला की आता ठीक आहे, काय केलं होतं? सारिका म्हणाली, "काही नाई भाऊ, ओव्हन उपाशी ठेवला." तेव्हा ती हसली, चांगली पोट धरून हसली. मी तिथंच मटार सोलत होते. मी हसले नाही, पण मला बरं वाटलं.

घास बंद केला. पहिले काही दिवस हात तिकडं जायचा, मी तो पदराला पुसायची. काही झालं नाही. पोळ्या बिघडल्या नाहीत, कोणी आजारी पडलं नाही. सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या, पण त्या नाहीत. पहिल्या पोळीचा तुकडा आता मी स्वतः चहात बुडवून खाते. दिवसभर मीही राबते.

म्हणजे राबत होते असं म्हणावं, कारण ओव्हन पुसायचं काम परत माझ्याकडे आलं नव्हतं. सारिका रोज स्वतःच पुसायची. एकदा फडकं फिरवायची आणि झालं. काच पुन्हा तपकिरी होत होती. मी पाहत होते आणि बोलत नव्हते, कारण बोलायला मला तोंड नव्हतं. ती रागावली नव्हती. मला कामाला लावायला तिला भीती वाटत असावी, किंवा संकोच. मी फक्त बसायचं होतं, आल्या दिवशी सांगितलं होतं तसं.

माघात कौसल्याच्या नातीचं बारसं होतं, म्हणून गावाला गेले. पांढरकवड्याहून यवतमाळ, तिथून बोरी, पुढं ऑटो. माझ्या घराची किल्ली कौसल्याकडेच होती. तिनं दार उघडून दिलं. चुलीच्या वैलात कोंबडीनं घर केलं होतं, पांढरी माती पोपडे होऊन पडली होती. कौसल्या मला पाहत राहिली, मी काही म्हणते का म्हणून. मी कोंबडी अंडी देते का विचारलं. देते म्हणाली.

तिच्या घरी मला खुर्ची दिली. नव्या कपात चहा दिला. प्यायल्यावर मी कप धुवायला उठले तर तिच्या सुनेनं हातातून काढून घेतला. "बसा ना मोठ्या आई, तुमी पाव्हन्या." तीन दिवस मी त्या खुर्चीवर होते. ज्या घराच्या पायाभरणीत मी माती वाहिली, त्याच्या शेजारच्या अंगणात. कोणाची चूक नाही. त्यांनी मान दिला.

निघताना कौसल्यानं विचारलं होतं, "बाई, तिकडं घरासारखं वाटते काय?" ऑटो आला होता, मी उत्तर दिलं नाही. कौसल्या, ते आता देते.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. चप्पल काढायच्या आधीच सारिका आतून ओरडली, "आल्या काय, आई? कवाची वाट पाहून राह्यली. केक उतू गेलता परवा, खाली पूर्ण कोळसा झाला आहे. म्या हातच नाई लावला. मले नाई जमत तुमच्यासारखं, रेघा पडतीन."

"रेघा तं म्या पाडल्या होत्या."

"म्हणूनच म्हणते. तुमाले मालूम आहे कशा पडतात ते."

कोणी पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. मी पिशवी भिंतीला लावली, पदर खोचला, ओव्हनजवळ गेले आणि आधी पिन काढली.